उजवा कौल

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो पुण्याचो पावणो तुझ्या दारात येवन उभो रवलो हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका तुझ्या गाभाऱ्यात जावन टेपान माप घेवची इच्छा झाली हा. तुझो हुकूम आसात तर उजवो कळो दी, नसात तर डावो दी, आणि तेका त्याच्या वाटेक लाव!"

"व्हय म्हाराजा!"

तो पुण्याचा पाहुणा म्हणजे मी. हातात टेप, बगलेत ड्रॉइंगबोर्ड, आणि सलग तिसऱ्या संध्याकाळी तेच गाऱ्हाणं ऐकत उभा. झिलू गुरवाने अबोलीचे दोन कळे तांब्याच्या वाटीत भिजवले, एक देवाच्या उजव्या खांद्याला लावला, एक डाव्या, आणि हात जोडून मागे सरला. उजवा कळा आधी पडला तर देवाचा होकार, डावा आधी पडला तर नकार. आम्ही सगळे त्या दोन कळ्यांकडे बघत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. एकही कळा जागचा हलेना.

"देव बोलणा नाय," झिलू म्हणाला. "फाल्या बघूया."

"काल पण हेच म्हणालात, झिलूकाका. परवा पण."

"देवाक घाई नसता, सायबानू."

देवाला नसेल, मला होती. मी पंचवीस वर्षांचा होतो, कोकणातल्या जुन्या लाकडी देवळांवर प्रबंध लिहीत होतो आणि तो पुढच्या सोमवारी द्यायचा होता. अकरा देवळांची मापं झाली होती. बारावं हे आडखोलचं रवळनाथाचं. सभामंडप, सोळा लाकडी खांब, कौलारू छप्पर, सगळं मी पहिल्याच दिवशी मोजून टाकलं होतं. राहिला होता तो आठ बाय नऊचा गाभारा. तासाभराचं काम, आणि त्यासाठी हा माणूस मला तीन दिवस रोज अबोलीची फुलं दाखवत होता.

आडखोलमध्ये देवळातलं काहीही कौलाशिवाय होत नसे. घंटेचा दोर बदलायचा तरी कौल. सभामंडपाच्या भिंतीवर एक मोठं चित्र फ्रेम करून लावलं होतं. गावच्या मुंबई मंडळाने काढून घेतलेलं नव्या देवळाचं चित्र: सिमेंटचा कळस, दाराशी दोन हत्ती, सगळं गुलाबी. जुनं पाडून हे बांधायचं होतं. दर मे महिन्यात चाकरमानी गावी आले की गावकार अप्पा परब देवापुढे तो प्रश्न घालायचे, आणि अकरा वर्षं झाली, देव गप्प होता. ना उजवा पडे, ना डावा. अप्पा परब देवभोळा माणूस. हुकमाशिवाय एक कौल सरकवू देणार नाहीत. परवाच तो प्रश्न पुन्हा घालून झाला होता आणि पुन्हा काही पडलं नव्हतं.

हे मला पहिल्या दिवशीच कळलं तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बरं झालं.  इतकं सुंदर देऊळ पाडून हत्ती बसवणार! पण देवाचं हे मौन माझ्याच वाट्याला आलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरायला लागलं.

त्यात माझा मुक्काम झिलूच्याच पडवीत. गावात दुसरी सोय नव्हती. सकाळी पेज, दुपारी भात नि सुकटीची आमटी, आणि मधल्या वेळात झिलू मला देवळाचा इतिहास सांगायचा. म्हणजे मी विचारायचो आणि तो छळायचा.

पहिल्या दिवशी मी वही उघडून विचारलं, "झिलूकाका, हे देऊळ कोणी बांधलं?"

तो सभामंडपातल्या दारालगतच्या खांबाला पाठ टेकून बसला होता. त्याने डोळे मिटले. "बोटीन," तो म्हणाला. "गलबत फुटलेला खाडीत. माणसां मेली सगळी, एक खलाशी डोलकाठी धरून रवलो, तो लागलो काठाक. तेणा ती डोलकाठी देवाक दिल्यान. गावातच रवलो तो मगे, लगीन केल्यान."

"किती साली?"

"आदी."

"म्हणजे शंभर वर्षं? तीनशे?"

"आदी म्हणजे आदी."

दुसऱ्या दिवशी तो तिथून उठून पलीकडच्या खांबाशी बसला. ऊन चुकवत असेल असं मला वाटलं. मी पुन्हा विचारलं. पहिलं उत्तर ओढूनताणून का होईना, लिहून घेतलं होतं. तेच पक्कं करायचं होतं.

"रखमा म्हणान एक घाडीण होती," तो म्हणाला. "गावात देवीची साथ इली. तिची तीनय पोरां निजली आणि तीनय उठली. तिच्या परड्यात फणस होतो, त्येच्यार तिचा पोट चला होता. तो तिणा तोडून हाडून हय उभो केल्यान."

"काल तुम्ही खलाशी म्हणालात."

"काल खलाशी होतो."

"आणि आज?"

"आज रखमा."

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या खांबाशी दोन भाऊ निघाले, बांधावरच्या खैराच्या झाडावरून पंचवीस वर्षं भांडलेले. चौथ्या दिवशी चौथ्या खांबाशी एक सुतार, त्याने स्वतःच्या घराचा मधला खांब काढून आणलेला. का काढून आणला ते ऐकायला मी थांबलो नाही. कपाळाला हात लावून उठलो. वहीत लिहिलं ते अजून आहे माझ्याकडे: "माहिती परस्परविरोधी. माहितगार अविश्वसनीय. पुढे विचारण्यात अर्थ नाही."

त्या चौथ्या दिवशी दुपारी मी नकाशांच्या गुंडाळ्या बांधायला घेतल्या. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी लावायची होती आणि माझा डिंक संपला होता. झिलूच्या बायकोला विचारलं.

"डिंक कित्याक व्हयो?" असं काही न विचारता काकीने चुलीमागून चार पिकली भोकरं आणून माझ्या हातात ठेवली. "दाबा," म्हणाली. "मे महिन्यात आमी दुसरा काय वापरणव नाय. पाकीट चिकटवा, नायतर पोरांचे पतंग. सुटाचा नाय."

मी एक दाबलं. आतून पांढरट, बुळबुळीत, तार धरणारा चीक आला. चिठ्ठ्या खरोखरच पक्क्या बसल्या. बोटं मात्र तासभर एकमेकांना चिकटत राहिली. मला मजा वाटली. हात धुवायला देवळामागच्या विहिरीवर गेलो. विहिरीच्या कठड्यावर पूजेची भांडी घासून ठेवायला काढली होती, त्यात ती तांब्याची वाटी होती. तळाशी जरासं पाणी. ते ओतून टाकून वाटी विसळावी म्हणून मी बोट घातलं, आणि बोट वर काढलं तर पाण्याची तार आली.

मी तिथेच उभा राहिलो. तेच. भोकर.

मग मला सगळं दिसलं. देवापुढे दोन भांडी असायची. एक नारळाची करवंटी आणि एक ही वाटी. हरवलेल्या म्हशीचं, मुलीच्या लग्नाचं कोणी विचारलं की झिलू करवंटीत कळे बुडवायचा, आणि ते बघता बघता पडायचे. माझ्यासाठी वाटी. पहिल्या संध्याकाळी अप्पांच्या प्रश्नालाही वाटीच होती. तीन दिवस माझ्याकडे बघून देव गप्प नव्हता, हा म्हातारा मला खेळवत होता! त्याच्या घरची पेज मी पीत होतो, त्याच्या पडवीत झोपत होतो, आणि हा रोज संध्याकाळी भोकराने माझा प्रबंध देवाला चिकटवत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी मानकरी जमले. दहा-बारा चाकरमानीही होते, सुट्टी संपत आली होती, जाण्याआधी देवाला नारळ ठेवायला आलेले. आधी पातूच्या म्हातारीचं गाऱ्हाणं झालं. तिचा मुलगा बोटीवर होता, सात महिने पत्र नव्हतं. करवंटी. कळे लावले आणि उजवा पडलाच. म्हातारी हसली, पदराने डोळे पुसले आणि गेली.

मग माझा नंबर. झिलूने करवंटी बाजूला सारून वाटी पुढे ओढली.

"अप्पा," मी म्हटलं, "त्यांना करवंटीतलंच पाणी घ्यायला सांगा ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अप्पा परब म्हणाले, "कित्याक?"

"सहज. देवाला काय, पाणी ते पाणीच. की वाटीतलं वेगळं आहे?"

अप्पा सत्तरीचे. उठायला त्यांना वेळ लागला. ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेले, वाकले, वाटीत बोट घातलं आणि अंगठ्यावर चोळलं. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्यांनी झिलूकडे बघितलं. दोघं एका वयाचे, एका शाळेत गेलेले. झिलूने मान खाली घातली नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि खरं सांगतो, त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"पाणी जुना झाला हा," अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "झिलू, करवंटीतला घे."

झिलूने घेतलं. गाऱ्हाणं झालं. कळे लावले. दहा मोजायच्या आत उजवा पडला.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले, आणि मीही ओरडलो. माझ्या पाठीवर कोणीतरी थाप मारली. मी झिलूकडे बघून विजयाने हसलो. ते हसणं आठवलं की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"थांबा," अप्पा म्हणाले. "आज देव बोलता हा. तर मगे आमचोय इचारून घेवया."

माझं हसू तोंडावरच राहिलं. झिलू जागचा हलला नाही.

"झिलू," अप्पा म्हणाले, "करवंटी."

अकरा वर्षं जे गाऱ्हाणं घातलं जात होतं ते झिलूने पुन्हा घातलं.  जुना देऊळ उतरून नवा बांदूचा, तुझो हुकूम आसात तर. "व्हय म्हाराजा" म्हणताना चाकरमान्यांनी हात जोडून डोळे मिटले होते, त्यामुळे उजवा कळा पडताना त्यांच्यातल्या कोणी बघितलाच नाही. मी बघितला. आधीच्यापेक्षाही लवकर पडला.

एकच गलका झाला. कोणीतरी ढोल काढला. अप्पा परब देवासमोर आडवे पडले आणि रडायला लागले. त्यांच्या बापाने मरताना हेच मागितलं होतं म्हणे. मी टेप हातात धरून खांबाशी उभा होतो. मी काय करून बसलो ते मला पूर्ण कळत होतं आणि त्याच वेळी मी स्वतःला सांगत होतो की मी फक्त खरं तेच बोललो.

त्या रात्री मी झिलूच्याच घरी जेवलो. काकीने ताट वाढलं, तूप जास्तच वाढलं.

सकाळी सहाला मी गाभाऱ्यात उतरलो. हुकूम होता ना! लांबी, रुंदी, उंची, देवळीची खोली. मग मूर्ती. काळ्या पाषाणाची, कमरेएवढी, हातात तलवार. उभी रेघ घ्यायची म्हणून मी ओळंबा सोडला. दोरी देवाच्या डोक्यावरून खाली आली आणि पायाशी नेमक्या जागी यायला हवी तिथे आली नाही. पुन्हा सोडला. पुन्हा तेच. मूर्ती तिच्या उजव्या अंगाला कलली होती.

"किती?" मागून आवाज आला. झिलू उंबऱ्याशी उकिडवा बसला होता.

"पाऊण इंच."

"माझो आजो बोटभर म्हणायचो. म्हणजे बरोबर."

मी ओळंबा गुंडाळला. "म्हणजे साध्या पाण्याने लावला तर उजवाच पडणार."

"धा वेळा लावलात तर नव वेळा."

"आणि तुम्हाला हे माहीत आहे!"

"गुरवाक माहीत नसात तर कोणाक आसतला?" तो म्हणाला. "सायबानू, लोक हय काय इचारूक येतत? म्हस गावात काय, झील येयत काय, चेडवाचा जमात काय. तेंका होय व्हया असता. होय घेतत आणि जातत. मगे शोधूक पायात जोर येता. ह्या देवाक नाय म्हणूक येणाच नाय. माझ्या आज्यान सांगल्यान, एकादो प्रश्न असो येतलो, तेका होय म्हणान चलाचा नाय. तेवा देवाक गप बसव. ता भोकर."

"मग माझं काय बिघडलं होतं? मी तर देऊळ पाडायला आलो नव्हतो!"

"टेप घेवन इल्यात. पयलो इंजिनेरय टेप घेवनच इल्लो, तेच्यानंतर ता चित्र इला." त्याने भिंतीकडे हात केला. "कपडो शिवणारो आणि तिरडी बांधणारो, माप दोघांयचा. माका कसा कळाचा तुमी कोण?"

 मला एकदम सुचलं. "मी आत्ता जाऊन अप्पांना सांगतो. ओळंबा लावून दाखवतो. मूर्ती कलली आहे, कालचा कौल धरू नका म्हणतो. ते ऐकतील. देऊळ वाचेल."

"वाचात."

"मग चला!"

"बसा." त्याने माझ्या मनगटाला धरलं. हात थंड होता. "देऊळ वाचात, आणि कौल मरात. चार पिढ्यांचे होय खोटे पडतले. पातूच्या म्हातारेक मी काय सांगू? तुझो झील येतलो म्हणान देवान सांगूक नाय, वाकड्या दगडान सांगल्यान? ती म्हातारी त्या कळ्यार जेवता, सायबानू."

"पण देऊळ, झिलूकाका! शेकडो वर्षांचं देऊळ!"

"माका सांगतास?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "अकरा वर्सां ता कोणी धरून ठेवल्यान? तुमी?"

मी खाली बघितलं.  तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि सभामंडपात गेला. पाचव्या खांबाशी बसला, पाठ टेकली आणि समोरची जमीन थोपटली.

"येवा. आता बसा नीट. बाराच रवले हत."

"काय राहिलेत?"

"खांब."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग पहिल्या खांबाकडे बघितलं. इतर खांब चौकोनी, हा एकच गोल, आणि वरच्या अंगाला आरपार भोक. मी ते नकाशात काढलं होतं, शेजारी लिहिलं होतं, "छिद्राचे प्रयोजन अज्ञात". गलबताची डोलकाठी. दुसरा पिवळसर, फणसाचा. तिसरा खैराचा, तांबडा, आणि त्यावर दोन बाजूंना कुऱ्हाडीचे जुने घाव. दोन भावांचे. रोज तो एका खांबाशी बसत होता आणि त्या खांबाचं सांगत होता. मी विचारत होतो देऊळ कोणी बांधलं. ते कोणा एकाने बांधलंच नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सांगी होतंय की. रोज एक. माझ्या बापाशीन माका असाच शिकयल्यान, एका दिसाक एक खांब, पाठ टेकून. तशी पाठ टेकली काय तोंडात येता. उभ्यान इचारलात तर माका एकय सांगूक जमाचा नाय."

मी घड्याळ बघितलं. साडेआठ. नऊ चाळीसची एसटी, पुढे कणकवलीहून संध्याकाळची पुण्याची गाडी. गाभाऱ्याची मापं अजून कच्च्या कागदावर होती. सोमवारी प्रबंध. बारा दिवस? बारा दिवस मी कुठून आणणार होतो?

"झिलूकाका," मी म्हटलं, "पावसाआधी तर काही पाडत नाहीत. मी दिवाळीत येतो. पंधरा दिवस राहतो. सगळे लिहून घेतो."

"दिवाळीक," तो म्हणाला.

"नक्की."

"बरा." तो खांबाला पाठ टेकून तसाच बसून राहिला. मी निघताना मागे वळून बघितलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

दिवाळीत मी गेलो नाही. प्रबंधाला शाबासकी मिळाली, "अचूक मापे" असा खास उल्लेख झाला, नोकरी लागली, लग्न झालं. तीन वर्षांनी रत्नागिरीला कामासाठी गेलो होतो तिथून आडखोलला गेलो. प्रबंधातला नकाशा बरोबर घेतला होता.

देऊळ चित्रातल्यासारखंच झालं होतं. गुलाबी, हत्तींसकट. आत चकचकीत लाद्या. जुन्या लाकडाचं काय झालं विचारलं तर कोणी म्हणालं विकलं, कोणी म्हणालं पुढच्या पावसात जळणाला गेलं. अप्पा परब कळस चढलेला बघून सहा महिन्यांनी गेले. झिलू पायरीवर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण मी हाक मारताच त्याने आवाजावरून ओळखलं.

"दिवाळी झाली काय, सायबानू?"

 त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, "कौल लावता ना अजून?"

"लावतंय." तो हसला. "पण गवंडी हुशार. तुमच्यासारखोच. त्येना दोरी सोडून देव सरळ बसयल्यान. आता देव नायय म्हणता. धातले पाच नाय." मग म्हणाला, "पातूची म्हातारी येणा नाय आता."

"मुलगा आला तिचा?"

"नाय. पयली 'होय' आयकूक तरी येय."

मला ते सहन होईना. मी उठलो. पिशवीतून नकाशा काढला, टेप काढला, शेजारच्या शाळेतून खडू मागून आणला आणि त्या चकचकीत लाद्यांवर गुडघे टेकून जुन्या खांबांच्या जागा आखायला लागलो. माझी मापं खरोखरच अचूक होती. दाराच्या उंबऱ्याची जागा तेवढी बदलली नव्हती, तिथून मोजत गेलो. पंधरा चौकोन, एक गोल. पूजेला आलेली माणसं कडेकडेने जात होती, कोणी काही विचारलं नाही. एक तास लागला.

"झिलूकाका, या. हा पाचवा. इथेच बसला होतात त्या दिवशी."

मी त्याचा हात धरून आणला. त्याने पायाने जमीन चाचपली, दाराच्या बाजूला तोंड वळवलं आणि मान हलवली. "व्हय, हयच." तो खडूच्या चौकोनापुढे बसला, मांडी घातली, डोळे मिटले आणि सवयीने मागे टेकला.

मागे काहीच नव्हतं. मी धरला नसता तर त्याचं डोकं लादीवर आपटलं असतं.

मग मला जे सुचलं ते मी केलं. चौकोनात बसलो आणि त्याच्या पाठीला पाठ लावली. त्याच्या पाठीचे मणके माझ्या पाठीला लागत होते. वहीच्या पानावर मी "खांब पाच" लिहिलं आणि पेन तसाच धरून ठेवला.

"ह्यो," झिलू म्हणाला. मी कान टवकारले. "ह्यो खांब..."

पुढे काही येईना. मी वाट बघितली.

"सायबानू, तुमी हालतास."

"नाही हलत, काका."

"श्वास घेतास."

मी श्वास कोंडून धरला. छाती भरली, कानात ठोके ऐकू यायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. पाठ मात्र मी ताठ ठेवली होती. बोलायला घेतलेला त्याचा श्वास मला पाठीतून जाणवत होता, पण शब्द एकही बाहेर येत नव्हता.

शेवटी मला श्वास सोडावा लागला.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला आणि माझ्याच खांद्याला धरून उठायला लागला. "चला घराक. काकीन भोकराचा लोणचा घातला हा."